स्टेशनपासून दहा मिनिटं

आमचे नाना नवीन माणसाला त्याचं गाव किंवा पगार कधी विचारायचे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "रोज कुठवर जाता?" उत्तर आलं की ते चष्म्यावरून त्या माणसाकडे बघायचे आणि मनातल्या मनात त्याला कुठल्या तरी पायरीवर बसवून मोकळे व्हायचे. फोर्टातल्या ऑफिसात जाणारा असला की खुर्ची पुढे यायची. आंबिवलीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला नुसतं "बरं, बरं" मिळायचं. आणि कुठेच न जाणारा, घरी बसून खाणारा माणूस एक तर फार मोठा असतो नाही तर लबाड असतो, असं त्यांचं मत होतं. फार मोठी माणसं आमच्या ओळखीत नसल्यामुळे बाकीचे सगळे लबाडीत जमा व्हायचे. हा संशयी स्वभाव मी त्यांच्याकडून जसाच्या तसा उचलला. ताईने उचलला नाही. ताई आईवर गेली होती, समोरचा बोलला की ते खरं धरून चालायची, आणि मग तिच्या वाटणीचा संशयही मलाच घ्यावा लागायचा.

आम्ही ठाण्यात, कोपरीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा आमचं सगळं जग पायाखालचं होतं. नाना कंपनीत चालत जायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. शाळा गल्लीच्या तोंडाशी, डॉक्टर तिच्यापुढे, गिरणी डॉक्टरांच्या शेजारी. दळण टाकून आई डॉक्टरांकडे डोकावायची आणि परत येताना पीठ घेऊन यायची. चेंदणीच्या कोळणी टोपल्या घेऊन बसायच्या तिथे आई रोज जायची, घ्यायचं नसलं तरी जायची. निवट्या ताज्या आहेत की नाहीत यावरून तिची आणि कोळणीची जी जुंपायची ती ऐकायला शेजारणी थांबायच्या. भांडून झालं की कोळीण वरून मूठभर कोळंबी टाकायची आणि आई पदराआड हसायची. आईचं माहेर, म्हणजे दत्तामामाचं घर, पलीकडच्याच चाळीत. मामीने फोडणी टाकली तर आम्हाला शिंक यावी इतकं जवळ.

मग मालकाला खोल्या हव्या झाल्या आणि नानांनी पार कल्याणच्याही पुढे, टिटवाळ्याला घर घेतलं. स्वतःचं. दारावर पितळी पाटी, मोरीला पांढऱ्या लाद्या, गॅलरीतून समोर शेतं आणि वीटभट्ट्यांचा धूर. संध्याकाळी रेल्वे फाटकाची घंटा वाजायची आणि अंधार पडला की बेडकं. आल्याआल्या आईने दाराला तोरण बांधलं, देव मांडले, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आता मी पिशवी घेऊन जायचं कुठे?" जायला काही नव्हतंच. भाजीवाला सायकलवर यायचा. पावसाळ्यात आदिवासी बायका शेवळांची रानभाजी घेऊन जिन्याखाली बसायच्या, बरोबर काकड्याची फळंही आणायच्या, म्हणजे घशाला खाज येऊ नये. आई सुकट घालून शेवळं करायची ती चव मी पुन्हा कुठे घेतली नाही. पण ओली मासळी नाही, भांडायला कोळीण नाही, आणि गिरणीतल्या बाया नाहीत. भाडेकरूची मालकीण झाली आणि आईचं जाणं-येणं इमारतीच्या गेटपर्यंत आलं. नाना मात्र टिटवाळ्याला फक्त झोपायला यायचे. त्यांचा न्हावी कोपरीत, डॉक्टरही कोपरीतच. साध्या सर्दीसाठी ते गाडी पकडून ठाण्याला जायचे आणि औषधाची बाटली छातीशी धरून परत यायचे. टिटवाळ्याच्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण "चांगला असता तर इथे कशाला दवाखाना टाकला असता?"

मी आता घोडबंदर रोडवर लेकाकडे राहते, बाविसाव्या मजल्यावर. आमच्या इमारतीतले लोक चालायला जायचं म्हणून गाडी काढतात, गाडीने बागेपर्यंत जातात, तिथे गोल गोल चालतात आणि गाडीने परत येतात. सून निजायच्या खोलीत बसून परदेशातल्या माणसांशी बोलते, तेच तिचं ऑफिस. आणि माझ्याकडे कामाला येणारी सुरेखा दोन रिक्षा बदलून येते, तिला गेटवर वॉचमन विचारतो, "कहाँ जाना है?" मला तो कधी विचारत नाही. मी कुठे जात असेन असं त्याला वाटतच नसावं. नाना असते तर त्यांनी या सगळ्यांना कुठल्या पायरीवर बसवलं असतं, असं मनात येतं.

तर ताईचं स्थळ. ताई, म्हणजे वसुधा, ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका लॅबमध्ये कामाला होती. रक्त तपासायची. भल्या सकाळी निघायची, संध्याकाळी यायची आणि जेवताना त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काय काय दिसलं ते आम्हाला सांगायची. नाना म्हणायचे, "वसू, जेवताना नको." पण ऐकायचे. तिला स्थळं येत होती आणि जात होती, आणि का जात होती ते आम्हाला नीट ठाऊक होतं. टिटवाळा म्हटलं की समोरचे म्हणायचे, "वा, रोज गणपतीचं दर्शन होत असेल!" आणि त्यानंतर पुन्हा दिसायचे नाहीत. म्हणून आत्याने जेव्हा डोंबिवलीच्या सुधीरचं स्थळ आणलं, तेव्हा नानांनी आधीच ठरवून टाकलं.

"आपण कोपरीचे म्हणून सांगायचं. बघण्याचा कार्यक्रम दत्ताकडे."

"नाना, आपण टिटवाळ्याला राहतो," ताई म्हणाली.

"मी टिटवाळ्याला झोपतो," नाना म्हणाले. "नोकरी ठाण्यात, डॉक्टर ठाण्यात, तुझा मामा ठाण्यात. उद्या मेलो तर माणसं ठाण्याहून येतील. मग मी कुठला?"

आई म्हणाली, "त्यांचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे म्हणे."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "दहा मिनिटं कुणाच्या पायांनी?"

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो. आपण खोटं सांगायचं आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर संशय घ्यायचा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

कोपरीत मामीने तयारी चोख ठेवली होती. आमच्या चपला दाराशी ओळीने लावल्या, जणू त्या वर्षानुवर्षं तिथेच निघतात. माझा आणि ताईचा शाळेतला फोटो भिंतीवर चढवला. शेजारच्या काकूंना मामीने आधीच बजावून ठेवलं होतं की दारात येऊन "अगंबाई वसू, किती दिवसांनी!" असं काही करायचं नाही. पोह्यांना मामीचा विरोध होता, "पोहे केले की सगळ्या गल्लीला कळतं," म्हणून तिने घावन आणि नारळाचा रस केला. सुधीर उंच, सावळा, शांत. ठाण्यातच एका कारखान्यात होता. त्याचे वडील निवृत्त, पांढरा शुभ्र शर्ट, बसल्या बसल्या भिंती न्याहाळत होते. मी दाराच्या आडून त्यांना न्याहाळत होते.

"पाण्याचं कसं काय इथे?" त्यांनी विचारलं.

"भरपूर," नाना म्हणाले. "संध्याकाळी पाचला येतं."

दत्तामामा खोकला. "हल्ली सकाळी येतं, भाऊजी."

"हो, हो. हल्ली सकाळी," नाना म्हणाले आणि रुमालाने कपाळ पुसलं.

खरी पंचाईत आत झाली. चहा टाकायला आई मामीच्या स्वयंपाकघरात गेली आणि मागोमाग सुधीरची आईही उठून आत गेली. आमच्याकडे बायका अशा जातातच, "काही मदत करू का" म्हणतात आणि डबे-भांडी बघून घेतात. मामी तेवढ्यात बाहेर घावन वाढत होती. आईने साखरेसाठी एक डबा उघडला, रवा निघाला. दुसरा उघडला, मीठ. तिसऱ्याला हात घातला आणि तिचा हात तिथेच राहिला. सुधीरच्या आईने काही न बोलता फळीवरची काचेची बरणी काढली आणि आईच्या पुढ्यात ठेवली. साखर त्यात होती. ती बारीक चणीची बाई होती, साडीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, पेटीतून काढून त्याच दिवशी नेसल्यासारखी. तिने आईकडे बघितलं, मग दारात उभ्या माझ्याकडे बघितलं. बाहेर येऊन ती हे सगळ्यांसमोर बोलणार, असं मी धरूनच चालले होते. ती बाहेर येऊन बसली आणि चहा छान झालाय म्हणाली. मला तेच जास्त खटकलं. माणूस बघतो आणि गप्प बसतो तेव्हा तो काहीतरी राखून ठेवत असतो, असं माझं त्या वयातलं शास्त्र होतं.

ताईला आणि सुधीरला गॅलरीत थोडा वेळ बोलायला दिलं. ताई परत आली ती गालात हसत. रात्री टिटवाळ्याला पोचल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तो म्हणाला नोकरी कर. त्याला आवडेल म्हणाला." तिला तो आवडला होता, इतकं साधं होतं ते. मी म्हटलं, "बोलायला काय जातंय!" तिने माझ्याकडे पाठ केली आणि झोपली.

मुलगी बघून झाली की दोन्हीकडचे चौकशी करतात. ही रीत आता फोनवर आली आहे, तेव्हा पायांनी करावी लागायची. मुलाच्या गल्लीत जायचं, वाण्याला विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं, आणि आपण सहज आलो आहोत असं दाखवायचं. त्या रविवारी दत्तामामा मला घेऊन डोंबिवलीला गेला. बायकांशी बोलायला बरोबर कुणीतरी बाई हवी, म्हणून मी. स्टेशनवरून आम्ही चालायला लागलो. दुकानं संपली, शाळा संपली, इमारती विरळ झाल्या, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली. मामाने दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी एक शेअर रिक्षा थांबवून त्याने पत्ता सांगितला तर रिक्षावाला म्हणाला, "अजून लय पुढं हाय. चालत कुठं निघालाव?" मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "शालू, हे यांचं दहा मिनिटं!"

घर मात्र दृष्ट लागण्यासारखं होतं. दोन मजली, पुढे अंगण, नारळाची झाडं, अंगणात स्कूटर उभी करायची फरशी. समोरच्या वाण्याकडे मामाने काड्यापेटी मागितली आणि सहज आल्यासारखी चौकशी सुरू केली. वाणी कौतुकाने सांगत होता, "माणसं चांगली हायेत. घरंदाज. त्यांची बाईमाणसं कवा दुकानावर येत न्हाईत बघा. भाजी, मासली, कपडालत्ता, समदं काका स्कूटरवर घेऊन येतात. दहा मिनिटांत स्टेशनात पोचतात." मग त्याने मामाला नीट न्याहाळलं. "तुम्ही कोपरीचे काय? काका आज तिकडंच गेल्यात. चौकशीला."

मामाच्या हातातली काड्यापेटी खाली पडली. आम्ही यांच्या गल्लीत आणि हे आमच्या! परत येताना मामा रिक्षात पुटपुटत होता, पण एकीकडे त्याला ते घर पसंत पडलं होतं. "राज्य करील आपली वसू. पाण्याला जायला नको, बाजारात जायला नको." मला ते काही पटत नव्हतं. दुकान घराच्या समोर. मधे फक्त रस्ता. आणि त्या घरातली बाई आजवर तो रस्ता ओलांडून आली नाही, हे सांगताना वाण्याचा चेहरा फुलला होता.

कोपरीत कळलं ते असं. सुधीरचे वडील मामीकडे गेलेच नाहीत. खाली पानवाल्याकडे उभे राहिले, आणि त्यांनी हुंड्या-पांड्याचं, भांडणतंट्याचं काही विचारलं नाही. मुलगी कुठे जाते, कितीला येते, बरोबर कोण असतं, एवढंच विचारलं. पानवाल्याने काय सांगितलं ते तो आम्हाला सांगेना. नुसता कात कालवत राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. पण आठवडाभराने आत्याकडे निरोप आला, मुलगी पसंत आहे. नोकरीचं काय, असं आत्याने विचारलं तर उत्तर आलं, "पुढचं पुढे बघू."

नाना दहा मिनिटांवरून दोन दिवस तणतणले. "खोटारडे लोक! स्कूटरची दहा मिनिटं म्हणे!" आई हळूच म्हणाली की आपलंही काही कमी नाही, तर ते आंघोळीला निघून गेले. पण घराचं वर्णन मामाकडून ऐकून त्यांचा राग निवळत चालला होता. "सगळं दारात येतं. वसूला सुख लागेल," असं ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने आईला सांगू लागले. होकार कळवायचा दिवस ठरला. मग एका रात्री ताईने माझा पाय हलवला आणि म्हणाली, "शालू, मला एकदा त्यांच्या घरापासून लॅबपर्यंत जाऊन बघायचंय. रोज जमेल का ते. तू येशील?"

मुलगी स्वतः उठून मुलाच्या गल्लीत जाते हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. पण तिचा बेत आत जायचा नव्हताच. घरासमोरून वळायचं आणि उलट पावली ठाणं गाठायचं, इतकंच. तिने लॅबमध्ये उशिरा येईन म्हणून सांगितलं, मी कॉलेज बुडवलं. ताईला रिक्षाही घ्यायची नव्हती, रिक्षा नाही मिळाली तर काय, हेच तिला बघायचं होतं. आम्ही चालत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि दोघींचे चेहरे लाल झाले होते. अंगणात स्कूटर नव्हती. आम्ही वळणार तोच वरच्या खिडकीतून आवाज आला, "वसुधा ना गं तू?"

सुधीरची आई खाली येऊन दार धरून उभी राहिली. उंबऱ्याच्या आतच. "आत या. कोणी बघायच्या आत या."

तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. चुलीजवळ तांदळाचं पीठ काढून ठेवलेलं होतं, काठवट पुसून तयार होती. तिने कोकमाचं सरबत केलं, आणि पेले पुढे ठेवता ठेवता म्हणाली, "टिटवाळ्याहून थेट आलात?"

ताईच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तुझ्या आईला साखर सापडेना तेव्हाच मला कळलं की घर त्यांचं नाही," ती म्हणाली. "टिटवाळ्याचं ह्यांना पानवाल्याने सांगितलं."

"मग तुम्ही नकार का नाही दिलात?" मीच विचारलं. माझ्याने राहवेना.

ती माझ्याकडे न बघता ताईला म्हणाली, "हे म्हणाले, बरंच झालं. टिटवाळ्याची आहे म्हणजे वाकून राहील. खोटं आपल्याला ठाऊक आहे म्हणजे उद्या तोंड वर करून बोलणार नाही."

मला त्या क्षणी इतका राग आला होता की उठून जावंसं वाटलं. माझा सगळा संशय खरा निघाला होता आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. ताई मात्र बसून राहिली. तिने सरबताचा एक घोट घेतला.

"काकू, मला इथून रोज ठाण्याला जाता येईल?"

"सुधीर जातो की."

"सुधीरना काका स्कूटरवर स्टेशनला सोडतात. मी कशी जाणार?"

"रिक्षा मिळते. मिळते म्हणतात."

"तुम्ही कशा जाता?"

ती हसली. "मी कुठे जाते गं? सगळं येतं घरात."

"शेवटच्या कधी गेलेलात?"

"तुला बघायला आलेले ना कोपरीला."

"आणि त्याआधी?"

तिने पिठात बोट घातलं, एक रेघ ओढली. बराच वेळ आठवत राहिली. "नणंदेच्या लग्नाला," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. त्याला नव्हते गेले. सुधीर तान्हा होता." मग ती रेघ तिने बोटानेच पुसून टाकली.

मग ताईने सांगितलं की सुधीरने गॅलरीत नोकरी कर म्हटलं होतं. "म्हटलं असेल," त्याची आई म्हणाली. "मनापासून म्हटलं असेल. पोरगा चांगला आहे माझा. तुला कधी त्रास देणार नाही. पण वडिलांच्या पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तू पहिला महिना जाशील. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी आजारी पडेल. मग पावसाळा येईल, रस्त्यात पाणी भरेल. कोणी तुला जाऊ नको म्हणणार नाही बघ. आणि तू जाणार नाहीस."

"मला तो आवडलाय," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि मला माझं कामही आवडतं, काकू."

"दोन्ही इथून व्हायचं नाही, पोरी." तिने बाहेरची चाहूल घेतली. स्कूटरचा आवाज नव्हता. "पत्रिका मीच दाखवते गुरुजींना. गुरुजी घरी येतात, त्यात हे पडत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणून सांगू?"

पत्रिका जुळत नाही, हे आमच्याकडे नकाराचं सगळ्यात सभ्य वाक्य. त्याने कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला कारण द्यावं लागत नाही. मी ताईकडे बघत होते. ती फरशीकडे बघत बसली होती, आणि पेल्यातलं सरबत संपलं तरी पेला हातातच होता. मला वाटलं, ही आता म्हणणार, नको, मी निभावून नेईन. आमची ताई तशीच होती.

"सांगा," ताई म्हणाली.

निघताना तिने आम्हाला दारातूनच निरोप दिला नाही. डोक्यावरून पदर घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली, जिथे रिक्षा थांबायच्या. वाणी दुकानातून मान लांब करून बघत होता. मी रिक्षात आधी चढून बसले, या बाईपासून कधी एकदा लांब जाते असं मला झालं होतं. त्या दोघी मागे काहीतरी बोलल्या, मग ताई येऊन बसली. लॅबमध्ये पोचेपर्यंत दुपार झाली होती. ताईने ॲप्रन चढवला आणि कामाला लागली. मी बाहेरच्या बाकावर बसून तिची वाट बघितली.

होकार कळवायच्या आदल्या दिवशीच आत्याकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. नाना घरभर फिरले. "पत्रिका! आमच्या तोंडावर पत्रिका फेकतात! त्यांना टिटवाळा कळलं, दुसरं काही नाही." ते मरेपर्यंत असंच समजत होते की पत्त्यामुळे आपल्या मुलीला नकार आला. आम्ही दोघींनी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. ताई त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिले. सकाळी तिने डबा भरला आणि नेहमीच्या वेळेला निघाली. पुढे तिचं लग्न कल्याणात झालं, माणूस बरा मिळाला, आणि ती त्याच लॅबमधून निवृत्त झाली.

पण माझा स्वभाव तो माझा स्वभाव. इतकी वर्षं मला एक गोष्ट आतून कुरतडत होती. मागच्या दिवाळीला ताई माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघी फरसबी निवडत बसलो होतो तेव्हा मी ती तिला बोलून दाखवली. म्हटलं, "ताई, ती बाई खरंच तुझ्या भल्यासाठी बोलली असेल कशावरून? शिकलेली, कमावती सून घरात आली की डोक्यावर बसेल म्हणून घाबरली असेल. तिच्याच्याने जे झालं नाही ते तू करशील म्हणून जळली असेल. नवऱ्याचं नाव पुढे करून तिनेच तुला कटवलं नसेल कशावरून?"

"असेल," ताई म्हणाली. तिला चिडवायला गेलं की ती अशीच मान्य करून टाकते.

थोड्या वेळाने तिने शेंग खाली ठेवली. "तू रिक्षात बसलेलीस ना पुढे जाऊन, तेव्हा तिने मला विचारलं. म्हणाली, मी पण येऊ का गं तुमच्याबरोबर, ठाण्यापर्यंत? तुझी लॅब बघेन आणि लगेच परत फिरेन. मी म्हटलं, चला ना काकू. तर म्हणाली, नको, भाकऱ्या टाकायच्यात, हे येतील."

मी निवडलेल्या शेंगा ताटात सारल्या.

"मग मी बसले," ताई म्हणाली. "रिक्षा सुरू झाली तरी तिने दांडी धरून ठेवलेली. रिक्षावाला ओरडला तेव्हा सोडली."